तेरा पावसाळे

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांवर विहिरीचे पाणी चहाच्या रंगाचे होते. मागे आजोबाचा डोंगर, त्याच्याही मागे सह्याद्रीची सलग भिंत. वरून येणारा प्रत्येक ओहळ माती, शेण, कुजलेला पाला घेऊन खाली उतरतो आणि त्यातला थोडा तरी विहिरीत मुरतो. मग ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडरीची पिशवी घेऊन येतो. बादलीत पावडर टाकून आधी थोड्या पाण्यात तिची खळ करायची, मग बादली भरत आणून ढवळायची आणि चुना तळाला बसेपर्यंत थांबायचे. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची, दोर बांधून ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि खाली-वर हलवत राहायची. चुन्याचा गाळ विहिरीत जाऊ द्यायचा नाही. तासाभराने काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटी या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली म्हणजे काम झाले.

बायका म्हणतात, ‘आज पाण्यात औषध टाकलंय.’ दोन दिवस भाताला, चहाला तो वास येतो. कोणी नाक मुरडते, कोणी त्या दिवशी झऱ्यावर जाते. पण पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ ज्या पाड्याने एकदा पाहिली आहे, तिथे वासाबद्दलची कुरकुर फारशी टिकत नाही.

हा वास क्लोरीनचा. टीसीएलमध्ये तो चुन्याला बांधलेला असतो, म्हणून त्याला प्लास्टिकच्या पिशवीत भरून दुचाकीवरून नेता येते. हाच वायू मोकळा, दाबाखाली द्रवरूप करून पोलादी नळकांड्यात भरला, की त्याचा स्वभाव पालटतो. डोळखांबपासून शंभरेक किलोमीटरवर, मुंबईत शिवडीच्या बंदरात, १४ जुलै २०१० च्या पहाटे एका नळकांड्यातून तो बाहेर पडला. त्या सकाळची गोष्ट बरीच आधी सुरू होते, आणि तिचा एक धागा शहापूर तालुक्यातूनच जातो.

१८९२ साली तानसा धरणाचे पाणी मुंबईला गेले तेव्हापासून शहापूर आणि मुंबई एकमेकांना पाण्याने जोडलेली आहेत. पुढे मोडक सागर आला, भातसा आला. भातसाचे पाणी तर नदीच्याच पात्रातून सुमारे ४८ किलोमीटर वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथे पंपांनी उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून पुढे शहराकडे. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा या एका धरणाचा. धरणांच्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हे आता इतके जुने झाले आहे की त्याची बातमीही आतल्या पानावर येते.

तानसाच्या पहिल्या वर्षांत पाण्यात क्लोरीन घालण्याची रीत नव्हती. शुद्धतेचा भरवसा जंगलावर आणि वाळूच्या गाळणीवर. क्लोरीन तसा जुनाच: स्वीडनच्या शेलेने तो १७७४ मध्ये वेगळा केला आणि १८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने त्याच्या फिक्या हिरवट रंगावरून त्याला नाव दिले. पण पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरायचे धाडस व्हायला एकोणिसावे शतक संपत आले. इंग्लंडमध्ये मेडस्टोनला १८९७ मध्ये विषमज्वराच्या साथीत नळ धुण्यासाठी त्याचा उपयोग झाला, लिंकनला १९०५ मध्ये. अमेरिकेत जर्सी सिटीला २६ सप्टेंबर १९०८ पासून शहराचे सगळे पाणी रोज क्लोरीन घालून दिले जाऊ लागले, आणि त्यावरून कोर्टकचेरीही झाली. हे पाणी खरेच शुद्ध आहे का, असा वाद होता. डॉक्टर जॉन लील यांनी न्यायालयात ते पाणी निर्धोक असल्याचे पटवून दिले आणि त्यानंतर शहरामागून शहर त्या वाटेने गेले.

या इतिहासात हिंदुस्थानचा एक छोटा पण महत्त्वाचा वाटा आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी व्हिन्सेंट नेसफील्ड यांनी १९०३ मध्ये कल्पना मांडली की क्लोरीन दाबाखाली द्रवरूप करून पोलादी बाटलीत साठवावा आणि हवा तेवढाच पाण्यात सोडावा. छावण्यांमधले जवान पटकी आणि हगवणीने मरत होते, त्यावरचा हा तोडगा. आज जलशुद्धीकरण केंद्रांमध्ये आडवे ठेवलेले पिवळे टनर दिसतात, त्यांचे मूळ या कल्पनेत आहे. बारा वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने अशीच नळकांडी हजारोंनी उघडली. वारा फ्रेंच खंदकांच्या दिशेने होता. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनमधले जवान वायूच्या भिंतीसमोर उभे होते. पटकी आटोक्यात आणणारे नळकांडे आणि खंदकात माणसे गुदमरवणारे नळकांडे यांत फरक फक्त तोटी कोणाच्या हातात आहे एवढाच होता.

टनर म्हणजे काय, ते जवळून पाहायला हवे. सुमारे ९०० किलो क्लोरीन मावणारे, लांबट पोलादी पिंप. ते आडवेच ठेवतात. एका टोकाला दोन व्हॉल्व्ह असतात आणि टनर असा फिरवून ठेवावा लागतो की दोन्ही एकाखाली एक येतील. मग वरच्यातून वायू मिळतो आणि खालच्यातून द्रव. नवख्याने चुकून खालचा उघडला तर एक लिटर द्रवाचा हवेत साडेचारशे लिटरांच्या आसपास वायू होतो. दोन्ही टोकांना मिश्रधातूची बुचे असतात. टनर तापून ७० अंशांच्या पुढे गेला तर ती वितळून वायूला वाट देतात, नाहीतर अख्खा टनर फुटेल.

कोरडा क्लोरीन पोलादाला फारसे काही करत नाही. ओलावा मिळाला की तोच क्लोरीन आम्ल होऊन पोलाद खाऊ लागतो. म्हणून गळणाऱ्या नळकांड्यावर थेट पाणी मारू नये, हा या धंद्यातला पहिला धडा. पाण्याने भोक बुजत नाही, रुंदावते. वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत, गटारातून, खोलगट जागेतून सरपटत जातो. अशा वेळी खाली वाकून पळणारा माणूस त्याच्यातच शिरतो. वाऱ्याला आडवे आणि उंचावर निघायचे, हे या धंद्यातले जुने लोक नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात.

हा वायू इतक्या मुबलक प्रमाणात कुठून येतो, याचे उत्तर मिठात आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन ही जुळी भावंडे एकदमच जन्मतात, आणि त्यांचे प्रमाण ठरलेले: ७१ किलो क्लोरीनमागे ८० किलो कॉस्टिक. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणायची सोय नाही. कल्याणच्या परिसरात शहाड आणि मोहोने इथे रेयॉनचे मोठे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांना लाकडाचा लगदा भिजवायला कॉस्टिक लागत होता. कॉस्टिक केला की क्लोरीन पदरी पडतोच. त्याला गिऱ्हाईक शोधावे लागते: कागद गिरण्या, पीव्हीसी, रंग, कीटकनाशके आणि नगरपालिकांची पाण्याची खाती. जुन्या पद्धतीत या कामाला पारा लागत असे. माळशेजकडून उतरून मुरबाड तालुक्यातून येणाऱ्या काळू नदीच्या गाळात अंबिवलीजवळ हा पारा सापडला आणि त्यावर १९७०-८० च्या दशकांत अभ्यासही झाले. पारा गाळात बसून राहतो, शोधता येतो. क्लोरीन गळला तर तासाभरात पांगतो. मागे पुरावा म्हणून करपलेली झाडाची पाने आणि माणसांची छाती एवढेच उरते.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झाले. त्यानंतरचे वर्ष मुंबईलाही सुके गेले नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये चेंबूरच्या कॅलिको केमिकल्समधून क्लोरीन गळला. एक जीव गेला, शंभराहून अधिक लोक दवाखान्यात गेले. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्समधून ओलियम वायू सुटला. तिथेही कॉस्टिक-क्लोरीनचा विभाग होता, आणि भर वस्तीतला हा कारखाना बंद करावा किंवा हलवावा, अशी वकील एम. सी. मेहता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीपासूनच चालू होती. २० डिसेंबर १९८६ रोजी, सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, निकाल आला. घातक धंदा करणाऱ्याने अपघाताची जबाबदारी संपूर्ण घ्यायची. देवाची करणी, तिऱ्हाइताची चूक अशा सबबी चालणार नाहीत.

पुढच्या दहा वर्षांत कायद्यांची रांग लागली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा, आणि १९९६ चे रासायनिक अपघातांसाठीच्या आणीबाणी नियोजनाचे नियम. क्लोरीनचे नाव या नियमांच्या परिशिष्टांत ठळकपणे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनी ‘मार्ग’ नावाचा परस्पर मदतीचा गट उभारला; एकाकडे गळती झाली की शेजाऱ्याचे किट आणि शेजाऱ्याची माणसे धावून येत. कागदावर आणि बऱ्याच अंशी प्रत्यक्षातही चालू कारखाना पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला.

या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी एक शब्द आहे: भोगवटादार. ज्याच्या ताब्यात जागा, ज्याच्या ताब्यात माल, तो. आराखडा त्याने करायचा, विमा त्याने काढायचा, तपासणीला उत्तर त्याने द्यायचे. कायद्याला कोणाची तरी मान धरावी लागते. आणि इथेच शिवडीची गोष्ट सुरू होते.

बंदरात बेवारस माल ही रोजचीच बाब. मागवणाऱ्याचे दिवाळे निघते, परवाना अडकतो, बाजारभाव पडतो किंवा डेमरेजची रक्कम मालाच्या किमतीच्या पुढे जाते. मग माल उचलायला कोणी येत नाही. माल कस्टमच्या नोंदीत असतो, जागा बंदराची असते आणि मालक कुठल्या तरी फायलीत असतो. कापड असेल तर लिलावात जाते, लोखंड असेल तर भंगारवाला उचलतो. दाबाखालच्या विषारी वायूला लिलावात कोण हात घालणार? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या शिवडीतल्या हाजी बंदर इथल्या घातक मालाच्या गोदामात क्लोरीनची शंभराहून अधिक नळकांडी १९९७ पासून अशीच पडून होती.

क्लोरीनच्या नळकांड्याची दाबचाचणी दर दोन वर्षांनी करायची, असा नियम आहे. असे नियम पाळले जातात की नाही हे पाहणारी ‘पेसो’ ही केंद्रीय यंत्रणा नागपुरात बसते. ती चाचणी वेळेवर झाली असती तर १९९७ पासून २०१० पर्यंत सहा वेळा ही नळकांडी कोणाच्या तरी हाताखालून गेली असती. पण चाचणीला पाठवणार कोण? ज्याचा माल त्याने. माल कोणाचाच नव्हता. समोर शिवडीची खाडी, बारमाही खारा वारा, वर मुंबईचा पाऊस. तेरा पावसाळे त्या पोलादावरून गेले. गंजाला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

या बंदराला पडून राहिलेल्या घातक मालाची ओळख नवी नव्हती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटले. त्याच्या पोटात १,४०० टनांच्या आसपास स्फोटके होती आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गासड्या. दोन स्फोटांत गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे गेली. त्या दिवशी आगीशी झुंजताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. घातक माल वेगळा, दूर आणि थोडाच वेळ ठेवायचा, हे मुंबईच्या गोदीने फार मोठी किंमत देऊन शिकलेले होते. ‘वेगळा’ आणि ‘दूर’ हे हाजी बंदरला पाळले गेले. ‘थोडाच वेळ’ राहिले.

१४ जुलै २०१० च्या पहाटे त्यातले एक गंजलेले नळकांडे गळू लागले. त्याचे वजन साधारण ६५० किलो. पहाटेची वेळ क्लोरीनसाठी सगळ्यात वाईट. जमिनीलगतची हवा थंड आणि संथ असते, वायू पांगत नाही. परिसरात झोपलेले मजूर, पाळीवरचे गोदी कामगार आणि काही विद्यार्थी त्यात सापडले. डोळे झोंबणे, घसा आवळणे, खोकल्याची उबळ आणि छातीत आग होणे, अशी ही लक्षणे. गळा-फुप्फुसांच्या ओल्या अस्तराला क्लोरीन लागला की तिथेच आम्ल तयार होते. त्यावर उतारा नाही. ओलसर प्राणवायू, श्वासनलिका सैल करणारी औषधे आणि लक्ष ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हातात असते. लक्ष ठेवायचे कारण म्हणजे सकाळी बरा वाटणारा माणूस काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन धापा टाकू लागतो.

सुमारे १२० जणांना वायूची बाधा झाली. त्यातल्या सत्तरेक जणांना गंभीर अवस्थेत दवाखान्यात दाखल करावे लागले. बाधा झालेल्यांत खुद्द अग्निशमन दलाचे जवानही होते, आणि या एका गोष्टीपाशी थोडे थांबावे लागते. जवान आगीला सरावलेला असतो. धूर त्याला दिसतो, ज्वाळा दिसते. क्लोरीनची फिकी हिरवट झाक अंधारात दिसत नाही. गोदामात काय पडले आहे, किती आहे, कशाने उतरवायचे, हे दारावर किंवा नोंदवहीत लिहिलेले नसेल तर पहिली तुकडी अंदाजाने आत शिरते. घातक मालाच्या गोदामात ‘आत काय आहे’ हे सांगणारा माणूस पहाटे सापडेलच असे नाही. धनी असता तर त्याच्याकडे कागद असता.

पुढचे दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि रसायनांचे जाणकार यांच्या कामाचे. गळणाऱ्या क्लोरीनला निकामी करायचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचे द्रावण. नळकांडे त्यात उतरवायचे किंवा नळीने वायू त्यात सोडायचा. ७१ किलो क्लोरीन शोषायला ८० किलो कॉस्टिक लागतो. मिठाच्या पाण्यातून ज्या प्रमाणात ही भावंडे जन्मली होती, बरोबर त्याच प्रमाणात त्यांना पुन्हा एकत्र यावे लागते. शेवटी हाती येते ते मीठ आणि थोडे ब्लीचिंगचे पाणी. प्रत्यक्षात कॉस्टिक जास्तच घेतात, कारण तो कमी पडला तर द्रावणातून क्लोरीन पुन्हा वर येतो. द्रावण तापते, म्हणून घाईही करता येत नाही. एका चालू टनरसाठी हे रोजचे काम. पण व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला, आत किती उरलेय हे माहीत नसलेला, नुसत्या धक्क्याने भोक पडेल असा शंभरावर नळकांड्यांचा ढीग समोर असताना हेच काम महिन्यांचे होते.

जीवितहानी झाली नाही. म्हणूनच शिवडीचे नाव भोपाळ किंवा चेंबूरसारखे लोकांच्या तोंडी राहिले नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी मात्र या गळतीची नोंद घेतली. त्या वर्षी एका नियतकालिकात तिच्यावर लेख आला आणि त्याचा रोख गळती थांबवण्याच्या तंत्रापेक्षा घातक मालाची विल्हेवाट लावण्याच्या ढिलाईवर होता. तो रोख बरोबर होता. शिवडीत यंत्र बिघडले नाही, कोणी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला नाही, कुठली नवी पद्धत फसली नाही. काहीच केले गेले नाही, आणि तेवढे पुरले.

शिवडीच्या दोन वर्षे आधी, मे २००८ मध्ये, जमशेदपूरला टाटा मोटर्सच्या जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात क्लोरीन आहे हे बाहेरच्या कोणाच्या डोक्यातही येत नाही. पण पिण्याचे पाणी, थंड करण्याचे पाणी, सांडपाणी यांत शेवाळ आणि जंतू होऊ नयेत म्हणून अनेक कारखान्यांच्या मागच्या अंगाला एक क्लोरीनची खोली असते. मुख्य धंदा दुसराच असल्याने त्या खोलीकडे वरच्या साहेबांची फेरी क्वचित होते. तिथला ऑपरेटर बहुधा कंत्राटी असतो, आणि टनर बदलताना वॉशर जुनाच लावला की नवा, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते.

जगात हे चित्र वेगळे नाही. जून २०२२ मध्ये जॉर्डनच्या अकाबा बंदरात जहाजावर चढवताना क्लोरीनची टाकी दोर तुटून खाली पडली. तेरा माणसे गेली, अडीचशेहून अधिक जखमी झाली. तेही बंदर, तीही पाठवणीच्या वाटेवरची टाकी. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेला आणि वापरणाऱ्याच्या फाटकात न पोचलेला क्लोरीन हाच सगळ्यात उघडा असतो.

वॉशिंग्टन शहराने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच आपल्या ब्लू प्लेन्स सांडपाणी केंद्रातला द्रवरूप क्लोरीन हलवला आणि हायपोक्लोराइटच्या द्रावणावर काम सुरू केले. घातपाताची भीती हे कारण होते. जे वर्षानुवर्षे खर्चिक म्हणून रखडले ते भीतीने पटकन झाले. आपल्याकडे तसा एकाएकी बदल कुठे झाला नाही. बऱ्याच ठिकाणी टनर आहेत, काही ठिकाणी हायपोचे पिंप आले आहेत, आणि काही ठिकाणी मिठाच्या पाण्यातून जागच्या जागी हायपो करणारी यंत्रे बसली आहेत. तरीही ९ जानेवारी २०२४ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळला आणि सकाळी पोहायला आलेल्या लोकांना खोकत दवाखाना गाठावा लागला. पोहण्याच्या तलावापाशी वायूचे नळकांडे असते, हे त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी कळले असेल.

हायपोलाही आपली खोड आहे. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले की त्याचा जोर आठवड्या-आठवड्याने उतरत जातो. टीसीएल पावडरीचे तसेच. आणि इथे गोष्ट परत शहापूरच्या डोंगराकडे येते, कारण बेवारसपणाचा उलटा परिणाम तिथे दिसतो. पिशवीचे तोंड नीट न बांधता ती ग्रामपंचायतीच्या ओलसर कोपऱ्यात पावसाळाभर राहिली तर तिच्यातला क्लोरीन गुपचूप हवेत निघून जातो. कोणी खोकत नाही, कोणाला कळतही नाही. आरोग्य खात्याची माणसे वर्षातून ठरावीक वेळा पाण्याची पाहणी करतात आणि त्यानुसार ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतात. पाहणीत पावडर कुठे आणि कशी ठेवली आहे, तेही बघतात.

जुलैच्या मध्यावर, भात लावणी जोरात असताना, पाड्यावरचा माणूस अशी पिशवी उघडतो. पावडरीचे गोळे झालेले असतात. तो खळ करतो, निवळ काढतो, बादली विहिरीत सोडतो, सगळे रीतीने करतो. तासाभराने काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकतो, नळी उजेडाकडे धरतो आणि थोडा वेळ थांबतो. पाणी तसेच पांढरे राहते. तो नळी धुतो, आणखी दोन थेंब टाकतो. मग पिशवी काखोटीला मारून, नवी आली आहे का ते बघायला, चिखलातून पंचायतीकडे निघतो.